बंपरला भोक नको

कुठल्याही वस्तूला भोक न पाडता माणसाला जन्मापासून अखेरपर्यंत सुखाने जगता येतं, अशी अढळ श्रद्धा असलेला एकच गृहस्थ मी आजवर पाहिला आहे, आणि तो नेमका माझा साडू निघावा, हे माझं प्राक्तन. प्राक्तन अशासाठी, की माझ्याकडे ड्रिल मशीन आहे. नुसतं आहे असं नव्हे; कात्रजच्या आमच्या सोसायटीत पडदे, गीझर, देव्हारे, जे जे म्हणून भिंतीवर चढलं आहे ते माझ्या हातून चढलं आहे. लोक मला दिवाळीत फराळाला बोलावतात आणि निघताना सहज एखादी भिंत दाखवतात. अशा माणसाला बायकोच्या थोरल्या बहिणीच्या घरून, विश्रांतवाडीहून, बावीस वर्षं नुसता चहा पिऊन परत यावं लागलं, यातलं दुःख ज्याच्याकडे मशीन आहे त्यालाच कळेल.

साडूभाऊंचा फ्लॅट त्यांचा स्वतःचा आहे, नावावर आहे, तरी त्याच्या एकाही भिंतीत खिळा नाही. घड्याळ जमिनीवर, शोकेसला टेकून उभं असतं. किती वाजले हे पाहायचं तर ओणवं व्हावं लागतं. कॅलेंडर फ्रिजच्या मुठीला लटकतं, त्यामुळे दूध काढलं की सगळा महिना हलतो. आरसा स्टुलावर असल्याने साडूभाऊ दाढी मांडी घालून करतात. लग्नाचा मोठा फोटो हॉलमधल्या एका खुर्चीत बसलेला असतो, आणि पाहुणे जास्त झाले की तो आतल्या पलंगावर जाऊन आडवा होतो. "आमच्या लग्नाला चौतीस वर्षं झाली," ताई सांगतात, "त्यातली बावीस आम्ही दोघं या खुर्चीत बसून आहोत." ताई म्हणजे माझ्या बायकोची ताई, म्हणून माझीही ताईच. त्यांची एकच इच्छा आहे, घड्याळ डोळ्यांच्या पातळीवर यावं. दर भेटीत त्या घड्याळाकडे बघतात, मग माझ्याकडे बघतात, आणि मी साडूभाऊंकडे बघतो. साडूभाऊ विचारतात, "या, मशीनवाले, चहात साखर किती?"

ही श्रद्धा भिंतीपुरती असती तर रंगाच्या काळजीपोटी म्हणून मी सोडून दिली असती. पण साडूभाऊ सरकारी कचेरीत जुनी कागदपत्रं सांभाळायच्या खात्यात होते आणि तिथे एकतीस वर्षांत त्यांनी कागदाला टाचणी टोचली नाही. यू-पिन लावायचे. साहेबांनी एकदा मुद्दाम पंचिंग मशीन त्यांच्या टेबलावर आणून ठेवलं. साडूभाऊंनी ते पेपरवेट म्हणून वापरलं आणि निवृत्तीच्या दिवशी पुसून परत केलं. मध्यंतरी आजारपणात ते बरेच वाळले, पट्टा सैल पडायला लागला. दुसऱ्या कोणी पट्ट्याला एक भोक वाढवलं असतं. साडूभाऊंनी वजन वाढवलं. महिनाभर दोन वेळा शिकरण खाल्लं आणि पुन्हा जुन्या भोकावर आले. "पट्टा चांगलाच होता हो, माणूस कमी पडत होता," असं वर मलाच समजावलं.

आणि त्यांच्या मुलीचे, रेवतीचे, कान टोचले तो दिवस तर आमच्या सासरी अजून सांगितला जातो. तेव्हा ही मंडळी कसबा पेठेत भाड्याने राहत होती. सोनार घरी आला, तार काढली, तेव्हा साडूभाऊंनी त्याला तीनदा विचारलं, "दोनच ना?" सोनार म्हणाला, "कान दोनच आहेत, भोकंही दोनच." साडूभाऊ चपला घालून जे बाहेर पडले ते कोपऱ्यावरच्या मारुतीपाशी जाऊन कानात बोटं घालून उभे राहिले. परत आले ते सबंध संध्याकाळ पोरीला खांद्यावरून खाली ठेवेनात. रेवती केव्हाच रडायची थांबली होती.

रेवती मोठी झाली, कंपनीत लागली आणि तिने पहिल्या काही पगारांतून गाडी घेतली. लाल, छोटी, छानशी. गाडी ताब्यात घेताना शोरूमचा माणूस पुढची नंबरप्लेट लावायला ड्रिल घेऊन आला, तेव्हा साडूभाऊ बंपर आणि ड्रिल यांच्यामध्ये जाऊन उभे राहिले. "बंपरला भोक नको." का नको, असं विचारल्यावर म्हणाले, "गाडी तिची आहे. माझी असती तरी नको म्हटलं असतं, पण ही तर तिची आहे." शेवटी प्लेट दोन्हीकडून चिकटणाऱ्या टेपवर बसली आणि पाहुण्यांनी पेढे खाल्ले. वर्षभरात रेवतीला परदेशातली नोकरी मिळाली. निघताना किल्ली वडलांच्या हातात देऊन ती म्हणाली, "बाबा, मी येईपर्यंत सांभाळा." दार लावून घ्या म्हणावं इतक्या सहज ती म्हणाली होती. साडूभाऊंनी ते व्रतासारखं घेतलं.

सात वर्षं त्यांनी ती गाडी दर रविवारी धुतली. बॅटरी उतरू नये म्हणून आळंदी रस्त्यावर फिरवून आणली. रेवती बुटकी, साडूभाऊ चांगले उंच. पण तिने सीट जिथे सरकवून ठेवली होती तिथून ती त्यांनी बोटभरही मागे घेतली नाही. गुडघे स्टीअरिंगच्या दोन बाजूंना काढून, हनुवटी वर करून ते गाडी चालवत. सिग्नलला शेजारचे स्कूटरवाले वाकून बघत. मी एकदा म्हटलं, अहो, सीट मागे घ्या, ती आल्यावर पुढे करता येईल. "तिची नेमकी कुठे होती ते मग कसं कळणार?" असं त्यांनी मलाच विचारलं.

मग रेवतीचा फोन आला. तिकडची नोकरी सोडलीय, पुण्याला येतेय. किती दिवस, असं ताईंनी विचारलं, तर म्हणाली, "बघू." त्या एका शब्दाने घराची झोप उडाली. ताईंनी माझ्या बायकोला दिवसातून चार फोन केले. बघू म्हणजे काय? राहणार, की महिनाभर राहून दुसरीकडे जाणार? साडूभाऊंनी मात्र काही विचारायचं नाही असं ठरवलं. "विचारलं तर तिला वाटेल, आपण अडवतोय. नाही विचारलं तर वाटेल, नको आहे. त्यापेक्षा गाडी विमानतळावर उभी असलेली बरी. जशी ठेवून गेली होती, तशी."

नेमका त्याच सुमाराला जुन्या गाड्यांना नव्या पद्धतीच्या सुरक्षित नंबरप्लेटा बसवायचा हुकूम लागू झालेला होता. त्याशिवाय गाडी रस्त्यावर काढायची म्हणजे पोलिसाला आमंत्रण. साडूभाऊंनी रीतसर वेळ घेतली आणि मला बोलावलं. "मशीनवाले, तुम्हाला यातलं कळतं. चला."

प्लेट बसवणारा गृहस्थ विदर्भातला होता, पन्नाशीचा, मिशाळ आणि शांत. मागची प्लेट चुटकीसरशी बसली, कारण तिथे कंपनीनेच भोकं ठेवलेली होती. मग तो ड्रिल घेऊन पुढे आला आणि साडूभाऊ, सात-आठ वर्षांपूर्वीच्याच चपळाईने, मध्ये.

"भोक पाडू नका."

"काका, दोनच लहान लहान भोकं पाडा लागते."

"कान टोचतानाही दोनच सांगितलं होतं."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्या मशीनकडे पाहत होतो. माझ्यापेक्षा चांगलं होतं.

"जुनीसारखी टेपने चिकटवा की," साडूभाऊ म्हणाले.

"टेप चालत नाही. ह्या प्लेटीले लॉक असते. एकदा मारलं का निघत नाही. अन् लॉकले भोक लागते."

"मग पुढची राहू द्या."

"पुढची राहू देता तर गाडी बी घरीच राहू द्या," तो म्हणाला. पुण्यात राहून राहून त्यालाही बोलणं आलं होतं. पण माणूस चांगला. प्लेट त्याने कपाटात ठेवली आणि आठवड्याची मुदत दिली. आठवड्यात काही तोड काढून आणा, नाही तर मी भोक पाडतो. रेवती दहाव्या दिवशी येणार होती.

घरी आल्यावर मी शेवटचा प्रयत्न केला. म्हटलं, मी इतकं बारीक पाडतो की प्लेटखाली दिसणारही नाही. "भोक बारीक नसतं हो," साडूभाऊ म्हणाले, "ते असतं किंवा नसतं."  मग त्यांनी पार्किंगमध्ये गाडीसमोर पाट मांडला आणि तीन दिवस तिच्या तोंडाकडे बघत बसले. चौथ्या दिवशी रविवार पेठेतून चार जाडजूड लोहचुंबक आणले आणि मला फोन करून बोलावलं. चारही बंपरला लावले आणि चारही टपाटप खाली पडले. बंपर प्लास्टिकचा होता. सात वर्षं दर रविवारी धुतलेल्या गाडीचा बंपर प्लास्टिकचा आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं, कारण त्याला टिचकी मारून बघण्याचा उद्धटपणा त्यांनी कधी केलाच नव्हता. ते चुंबक हातात घेऊन उभे राहिले तेव्हा पहिल्यांदा मला त्यांचा चेहरा उतरलेला दिसला. "तिला काय सांगू?" असं ते माझ्याकडे न बघता म्हणाले.

तेवढ्यात ताई चहा घेऊन खाली आल्या. कपबशी माझ्या हातात देता देता त्यांनी बंपरखालच्या हवेच्या जाळीकडे बोट केलं. "अहो, त्या जाळीला इतकी भोकं आहेत, ती कोणी पाडली?"

साडूभाऊ वाकले. जाळीवरून बोट फिरवून म्हणाले, "कंपनीने."

"मग त्यातनंच अडकवा की. पडलेलीच आहेत."

तीन दिवस पाटावर बसून जे सुचलं नाही ते ताईंना चहाचा ट्रे धरून सुचलं. जाळीच्या पुढून एक पट्टी, मागून एक पट्टी, फटींतून दोन नट-बोल्ट ओवून दोन्ही आवळायच्या. प्लेटचं लॉक पुढच्या पट्टीला. भोकं काय ती पट्टीला पडणार, बंपरला नाही. बाजारातल्या तयार पट्ट्या एक तर लांब, नाही तर बंपरलाच स्क्रू मारायच्या. "कसब्यात जाऊ," साडूभाऊ म्हणाले. "तिथे माझा शाळेतला मित्र तांबट आहे."

तांबट आळीतल्या त्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. सगळीकडे घंगाळी आणि हंडे. मित्राने ठोकणं थांबवून वर पाहिलं. "इतक्या वर्षांनी आलास, मला वाटलं बंब करायचाय. आणि काढलंस काय, तर गाडीची पट्टी!" पण त्याने कागदी माप हातात घेतलं, उलटंसुलटं केलं आणि विचारलं, लोखंड की पितळ? साडूभाऊ म्हणाले, पितळ. लोखंड गंजेल आणि गंजाचा ओघळ बंपरवर येईल. मग जाळीला चरा पडू नये म्हणून पट्टीखाली रबर हवं, हे त्यांच्या लक्षात आलं आणि ते सायकलची जुनी ट्यूब आणायला बोळातून पळत गेले.

ते गेल्यावर तांबट माझ्याकडे बघून हसला. "अजून भोकांना भितो ना?"

मी म्हटलं, भितात म्हणजे? तत्त्व आहे त्यांचं.

"तत्त्व कसलं डोंबलाचं," तो म्हणाला. "आम्ही शाळेत असताना पलीकडच्या बोळात भाड्याच्या दोन खोल्या होत्या यांच्या. सोडून जायची वेळ आली तेव्हा मी तिथेच होतो. घरमालकाने भिंतींवरून तळहात फिरवला. एकेका भोकात बोट घालून बघितलं. हा नऊ वर्षांचा, दंतमंजन पाण्यात कालवून मागून भोकं बुजवतोय. आणि मालक याच्या वडलांना सगळ्यांदेखत म्हणाला, 'राहून गेलात, का पोखरून गेलात?'  याने ते ऐकलं." एवढं सांगून त्याने हातोडी उचलली.

मला माझ्या मशीनची लाज वाटली. बावीस वर्षं मी त्या भिंतींकडे अधाशासारखा बघत आलो होतो, आणि त्या स्वच्छ भिंतींवरून कोणीतरी येऊन तळहात फिरवेल म्हणून हा माणूस वाट बघत बसला होता, हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. साडूभाऊ ट्यूब घेऊन परत आले तेव्हा मी ती त्यांच्या हातून घेतली. कात्री घेऊन रबराचे तुकडे कापायला बसलो.

पट्टी बसली. पण खड्ड्यांत टिकेल का, ही परीक्षा बाकी होती. म्हणून तिच्यावर पुठ्ठ्याची खोटी प्लेट आवळून, वर शाईने 'नमुना' असं लिहून, साडूभाऊ मला विश्रांतवाडीहून कात्रजला सोडायला निघाले. वाटेतला एकही गतिरोधक त्यांनी चुकवला नाही. दोन तर मागे वळून पुन्हा घेतले. स्वारगेटला पोलिसाने अडवलं. पुठ्ठा वाचला, स्टीअरिंगच्या बाजूंना आलेले गुडघे पाहिले आणि विचारलं, "काका, नमुना कोण, गाडी का तुम्ही?" साडूभाऊंनी खाली उतरून त्याला पट्टी, रबर, नट-बोल्ट सगळं समजावलं. मागची गाड्यांची रांग वाढली तसा त्याने हात जोडले. कात्रजला पोचलो तेव्हा पुठ्ठा जागचा हलला नव्हता.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी आम्ही पुन्हा त्या मिशाळ गृहस्थासमोर उभे होतो. त्याने पितळी पट्टी धरून हलवली. हलली नाही. पाय रोवून दोन्ही हातांनी ओढली. गाडी हलली, पट्टी नाही. "कोनं बनवली हे?" त्याने विचारलं. साडूभाऊ पट्टीकडेच बघत होते, म्हणून मी सांगितलं. त्याने कपाटातून प्लेट काढली, पट्टीवर ठेवली आणि लॉक मारले. टक. टक. "घ्या काका. आता तुम्ही म्हटलं तरी निघत नाही." साडूभाऊ तिथेच फुटपाथवर बसले आणि म्हणाले, "जरा पाणी द्या." त्यांच्याइतकाच मीही सुटलो होतो. आम्ही दोघं एकाच बाटलीतून पाणी प्यायलो आणि कारण नसताना कितीतरी वेळ हसत राहिलो.

विमानतळावर रेवती दोन मोठ्या बॅगा ढकलत बाहेर आली. आईच्या गळ्यात पडली, मावशीच्या पडली. साडूभाऊ तिला थेट गाडीच्या पुढे घेऊन गेले. "बघ." "काय बघू?" "प्लेट नवीन आहे. भोक नाही पाडलं." ती "वा!" म्हणाली आणि हसत हसत किल्ली घेऊन आत बसली. पाय पुढे केले. नेमके पोचले. मग तिने मान वळवून उंचच्या उंच बापाकडे पाहिलं. "बाबा, सात वर्षं तुम्ही असेच बसत होतात?" साडूभाऊ म्हणाले, "बॅगा नीट बसल्यात का बघून येतो," आणि मागे गेले.

तिसऱ्या दिवशी रेवतीने गाडी सोसायटीच्या फाटकाच्या खांबाला घासली. तिकडे उलट्या बाजूने चालवायची सवय झालेली. ताईंचा फोन आला तो घरात कोणी अत्यवस्थ असावं अशा आवाजात, आणि आम्ही रिक्षा करून धावत गेलो. बंपरवर वीतभर पांढरा ओरखडा. साडूभाऊ समोर उकिडवे बसून त्यावरून अंगठा फिरवत होते. शेजारी रेवती रडवेली. मी मनाची तयारी केली.

"बंपर असतोच कशाला?" साडूभाऊ म्हणाले. "आणि हे बघ, प्लेट जागची हलली नाही."

हेच का ते, असं मी बायकोला खुणेने विचारलं. पण वर घरात गेल्यावर मला कारण दिसलं. रेवतीच्या दोन्ही बॅगा खोलीत दाराशीच उभ्या होत्या, लागतील तेवढे कपडे वरून काढून पुन्हा बंद केलेल्या. साडूभाऊ येता-जाता त्यांच्याकडे बघत होते आणि विचारत नव्हते. ओरखड्याला वेळ होता कोणाला?

दहाएक दिवस असेच गेले. मग एका सकाळी मला फोन आला.

"मशीनवाले, मशीन चालतंय ना?"

मी म्हटलं, चालतंय. का हो?

"रेवती म्हणतेय, पुस्तकांना फळी हवी. मी म्हटलं, टेबलावर ठेव. तर नको म्हणाली. भिंतीतच हवी म्हणते, पक्की. चार भोकं लागतील म्हणते." मग त्यांनी आवाज खाली आणला. "मी काय म्हणतो, चार दिवसांसाठी कोणी भिंतीत फळी लावत नाही ना हो?"

"नाही," मी म्हटलं.  "मुळीच नाही."

तासाभरात मी विश्रांतवाडीला होतो. दाराशी बॅगा नव्हत्या. रिकाम्या होऊन माळ्यावर गेल्या होत्या. रेवतीने भिंतीवर पेन्सिलने चार खुणा केल्या. ताई माझ्यामागे नंबर लावून उभ्या होत्या, हातात घड्याळ. साडूभाऊंनी धूळ खाली सांडू नये म्हणून भिंतीशी वर्तमानपत्र धरलं आणि म्हणाले, "हं." मी मशीन लावलं. बावीस वर्षं ज्या क्षणाची वाट पाहिली तो आला. पहिलं भोक पडलं. साडूभाऊंनी वर्तमानपत्र रेवतीच्या हातात दिलं, जवळ आले आणि त्या भोकात सावकाश करंगळी घालून पाहिली.

"किती गेलंय?"

"दीड इंच."



"अजून थोडं खोल जाऊ द्या," करंगळी तशीच ठेवून ते म्हणाले.